गोलात लिहिलेली नावं

कर्जत, १० मार्च १९८६

प्रयोगशाळेतून सुटले एकदाची. आज टिपणीस साहेबांनी बोलावलं आणि उद्यापासून नव्या संगणक विभागात बसायला सांगितलं. विभाग म्हणजे एक खोली, दोन टेबलं, भिंतभर फळा आणि जर्मनीहून आलेली तीन न फोडलेली खोकी. साहेब तिकडे जाऊन शिकून आलेत. मलाच का घेतलं असं विचारलं तर म्हणाले, "भोईर, तुमचं गणित चांगलं आहे आणि अक्षर त्याहून चांगलं. मला दोन्ही लागणार आहे."

घरी सांगितलं तर गजादादाने वहिनीला ताबडतोब गूळ-शेंगदाण्याची चिक्की आणायला धाडलं. "आमची शकू साहेबांच्या खोलीत बसनार!" दादा खोपोलीच्या त्याच रंगाच्या कारखान्यात आहे, रंग शिजवायच्या भट्टीवर. इतकी वर्षं झाली, कागदावर अजून हंगामीच. त्याच्याच ओळखीने मी इथे लागले, आणि आता मी पंख्याखाली बसणार, तो भट्टीपुढे. त्याला याचं काही वाटत नाही. मलाच वाटतं.

१४ मार्च

पद्धत शिकले. पेट्री नावाच्या जर्मन माणसाने काढलेली आहे. गोल म्हणजे एक स्थिती: 'टाकी भरली', 'पाणी चालू', 'भट्टी मोकळी'. आडवी जाड रेघ म्हणजे एक घटना. गोलातून रेघेकडे बाण, रेघेतून पुढच्या गोलांकडे बाण. जी स्थिती या घडीला खरी, तिच्या गोलात एक ठिपका. रेघेकडे येणाऱ्या सगळ्या गोलांत ठिपके असले तरच ती घटना घडते. मग मागचे ठिपके उचलायचे आणि पुढच्या गोलांत ठेवायचे. बस, एवढंच. लहान मुलांचा खेळ वाटतो.

ठिपके खोडून खोडून कागद फाटायला लागला म्हणून वहिनीकडून मूठभर चिंचोके नेले. साहेब हसले, पण दुपारी तेही चिंचोके सरकवत बसले होते.

मी विचारलं, इतकं चित्र कशाला काढायचं, सरळ संगणकाचा कार्यक्रम लिहायला का नाही बसायचं? त्यांनी फळ्यावर तीन चौकोन काढले. टाकी, भट्टी, पाणी. आपल्या तीन शेडी. "एकच मोठा संगणक असता तर त्याने सगळ्यांना हुकूम सोडले असते. आपले तीन छोटे आहेत, आणि तिघांत साहेब कुणीच नाही. प्रत्येकाला फक्त आपली शेड दिसते. दुसरीकडे काय चाललंय ते तारेवरून निरोप येईल तेवढंच कळणार. एकेकाचा कार्यक्रम कितीही वाचा, तिघं मिळून काय करतील ते त्यात दिसत नाही. ते चित्रात दिसतं."

घरी येताना गाडीत पळसदरीपर्यंत मी बोटाने खिडकीच्या काचेवर गोल काढत होते.

२ एप्रिल

जेवायच्याही आधी लिहायला बसलेय.

साहेबांनी स्वतः काढलेलं चित्र तपासायला दिलं होतं. मी चिंचोके मांडले आणि एकेक घटना घडवत गेले. जेवणाच्या सुट्टीआधी सगळं थांबलं. कुठलीच घटना घडेना. आधी वाटलं माझाच चिंचोका पडला असेल. टेबलाखाली वाकून पाहिलं. पुन्हा पहिल्यापासून मांडलं. पुन्हा त्याच जागी अडलं. टाकी थांबली होती भट्टी मोकळी व्हायची म्हणून. भट्टी थांबली होती तिला थंड करणाऱ्या पाण्यासाठी. आणि पाणी थांबलं होतं टाकीच्या निरोपासाठी. तिघंही आपापल्या जागी बरोबर. तिघंही जन्मभर तशीच बसली असती, आणि मधे भट्टी तापत राहिली असती.

मी साहेबांना हाक मारली तेव्हा माझा आवाज इतका चढला की बाहेरून विमलबाई धावत आल्या. त्या टंकलेखनाला बसतात. त्यांना वाटलं साप निघाला.

साहेबांनी स्वतः चिंचोके पुन्हा मांडून पाहिले. मग खाली बसले. "हे मी जर्मनीत चार लोकांना दाखवलं होतं," ते म्हणाले. "एकालाही दिसलं नाही."

आज मला कळलं की आपण हुशार आहोत. असं लिहू नये, पण ही वही माझी आहे.

१९ एप्रिल

चित्र दुरुस्त झालं. आता साहेब म्हणतात, आजचा कारखानासुद्धा याच पद्धतीने काढा. म्हणजे यंत्रं नसताना माणसं कसं चालवतात ते. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की नव्यात काही राहून तर गेलं नाही ना, ते कळेल. आणि प्रत्येक गोलात त्या जागी कोण माणूस असतो त्याचं नाव लिहायचं.

मी म्हटलं, "नाव कशाला, साहेब? जागा लिहिली की झालं."

ते चष्मा पुसत म्हणाले, "वरून मागितलंय. नावानिशी."

६ मे

आठवडाभर शेडमध्ये फिरतेय. पहिल्या दिवशी लोक गप्प होते. दादाने सांगितलं, "माजी बहीन हाय. काय इचारल ते सांगा." मग कोणी काही लपवलं नाही. कोण कोणतं चाक कधी फिरवतो, कुणाला हाक मारतो, हाक ऐकू आली नाही तर काय करतो. दादाने मला पाण्याच्या पंपाची मोठी झडप हाताने उघडायला लावली. "आदी डावीकडं, मंग वर. जोर नको लावू, वजन टाक." दोन्ही तळहात लाल झाले आणि सगळे हसले. मला चहा देताना एकाने आपला पेला सदऱ्याला पुसला.

नावं घेतेय म्हटल्यावर एक बातमी पसरली. नावं वर जाणार, म्हणजे कायम करणार. मी कोणाला तसं सांगितलं नाही. पण नाहीसुद्धा म्हटलं नाही, कारण मलाही तसंच वाटतं. नाहीतर मालकांना नावं कशाला हवीत?

संध्याकाळी फाटकाशी नवशा थांबला होता. कोंडाण्याच्या वरच्या वाडीतला ठाकर. आवारात माल ओढायला म्हणून घेतलेला आहे. तो हळूच म्हणाला, "बाय, माजा नाव नाय घेतला." मी म्हटलं, "तू शेडमध्ये कुठे असतोस?" तर म्हणाला, पाण्याकडची हाक भट्टीला ऐकू गेली नाही की सांगत तोच जातो. भट्टीकडून कोणी आलं नाही की बघून तोच येतो. कुणी सांगितलेलं नाही, पण जातो.

माझ्या चित्रात ती जागाच नव्हती. मी त्याच्यासाठी एक नवा गोल काढला आणि त्याच्यासमोर ठळक लिहिलं, 'नवशा'. त्याला वाचता येत नाही, पण तो बराच वेळ बघत होता.

आज फार बरं वाटतंय.

८ मे

विमलबाईंचं काहीतरी बिनसलंय. मी चित्र शाईने पक्कं करत होते तर येऊन म्हणाल्या, "शकू, नावं तेवढी शिसपेन्सिलीने ठेव गं."

"का हो?"

"अशीच. पुसता येतात."

"पण माझी नावं चुकलेली नाहीत."

त्यांनी काही तरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मॅनेजर साहेबांची घंटा वाजली आणि त्या गेल्या. माझ्या हातून चूक होईल असं त्यांना वाटत असेल. नाहीतर मी एवढ्या लवकर पुढे गेले ते सलत असेल. बायकांचं बायकांनाच बघवत नाही कधीकधी.

२१ जून

मुंबईच्या कचेरीतून एक गृहस्थ आले होते. दोन्ही चित्रं भिंतीवर लावली होती. मॅनेजर साहेबांनी मलाच समजावून सांगायला लावलं! मी आधी चाचरत होते, मग रंगात आले. या गोलातलं काम नव्या चित्रात टाकीचं यंत्र करतं, या गोलातलं भट्टीचं. गृहस्थ एकेका गोलाशी थांबून विचारत होते, "म्हणजे हा गोल नव्यात नाही?" मी म्हणायची, "नाही." आणि ते लाल पेन्सिलीने बारीक खूण करायचे. नवशाच्या गोलाशी ते जरा अडखळले. "हा कोण? हजेरीपटावर तर भट्टी-पाण्याकडे याचं नाव नाही." मी सांगितलं की तो निरोप पोचवतो. "मग आता तार पोचवेल," ते म्हणाले. मी म्हटलं, "हो."

इतक्या बारकाईने आजवर कोणी माझं काम पाहिलं नव्हतं. टिपणीस साहेब मात्र सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होते.

९ ऑगस्ट

यंत्रं चालली! तीन दिवस माणसं नुसती बाजूला उभी, आणि टाकी, भट्टी, पाणी आपसात बोलून माल काढत होती. फलकावर हिरवे दिवे. दादा म्हणाला, "आयला, शकू, तुजे चिंचोके खरंच पळाय लागले." त्याने भट्टीवर पेढे वाटले. वहिनीला म्हणाला, आता कायम झालो की गावी कळंबच्या घराला पत्रे बदलून कौलं घालू.

२२ सप्टेंबर

काय लिहू?

सकाळी फाटकाशी गर्दी होती. वाटलं अपघात झाला. आत जायला लागले तर पहारेकरी म्हणाला, "तुम्ही जा बाई, तुमचं आहे." म्हणजे काय ते मला कळलंच नाही. मग एक अधिकारी स्टुलावर उभा राहून वाचायला लागला. नव्या तांत्रिक आराखड्यानुसार खालील जागांची गरज उरलेली नाही. आणि मग नावं. टाकीकडून सुरुवात. दुसरं नाव ऐकलं तेव्हाच मला पुढचं माहीत होतं, आणि त्याच्या पुढचंही. माझ्या चित्रात डावीकडून उजवीकडे ज्या क्रमाने गोल होते त्याच क्रमाने तो वाचत होता. मी ओठातल्या ओठात त्याच्याआधी म्हणत होते, थांबता येत नव्हतं. गजानन भोईर. आणि अगदी शेवटी, नवशा.

नवशाला तर कोणी काढलंच नसतं. तो कोणाला माहीतच नव्हता. त्याला मी काढलं. शाईने.

सगळे माझ्याकडे बघत होते. कोणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. नवशा पुढे आला. रागावलेला नव्हता, घाबरलेला होता. म्हणाला, "बाय, आमी तुला काय चुकीचा सांगितला का?"

दादा माझ्याकडे बघत नव्हता. तो स्टुलावरच्या माणसाकडे बघत होता, अजून काही वाचायचं राहिलंय अशासारखा.

२३ सप्टेंबर

कामावर गेले नाही. दादा बाहेरच्या खोलीत, मी आत.

२५ सप्टेंबर

वहिनीने कोणाबरोबर तरी निरोप धाडला होता, आई कळंबहून आली. मला वाटलं ती मला जवळ घेईल. ती पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "तुला कळलं नाय? यवढी शिकलीस, आनि तुला कळलं नाय?"

"नाही गं आई. खरंच नाही."

"मंग त्या कामाला काय म्हनायचं, ज्यात आपून काय करतो ते कळत नाय?"

दादा तेव्हा पहिल्यांदा बोलला, तोही आईशी. "तिला नको बोलू. तिनं इचारलं, आमी सांगितलं. आमाला तरी कुटं कळलं?"

त्याने माझी बाजू घेतली ते जास्त लागलं.

मला विमलबाई आठवल्या. त्यांना ठाऊक होतं, पत्रं त्यांनीच टंकलेली असणार. आणि मी इथे त्यांच्याबद्दल काय लिहून ठेवलंय! ते पान फाडावंसं वाटलं. फाडलं नाही.

२९ सप्टेंबर

गेले कामावर. घरात एकच पगार उरलाय, तो माझा. फाटकाबाहेर काढलेली माणसं बसली होती. त्यांच्यामधूनच आत गेले. कोणी वाट अडवली नाही.

टिपणीस साहेबांना सरळ विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"काही माणसं कमी करतील हे माहीत होतं. सगळी काढतील असं वाटलं नव्हतं. दुसरीकडे घेतील असं म्हणत होते."

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही नावं लिहिली असतीत?"

मी म्हटलं, "नाही."

"म्हणून," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा इतका पडला की मला पुढे भांडता येईना. वाईट माणूस असता तर सोपं झालं असतं.

१ ऑक्टोबर

जुनं चित्र खाली उतरवलं होतं, ते उघडून बसले. नवशाचा गोल बघत होते. तो काय करायचा? निरोप पोचला नाही तर चालत जायचा. आता तार पोचवेल, असं मीच म्हटलं होतं.

चिंचोके पुन्हा मांडले, आणि मग दिसलं. माझ्या चित्रात बाण काढला की चिंचोका पलीकडे पोचतोच. तो वाटेत हरवू शकतो, असं मी काढलेलंच नाही. कोणीच नाही काढलं. एक चिंचोका मी हातात उचलला आणि परत ठेवलाच नाही. भट्टीने 'पाणी दे' असा निरोप धाडलाय आणि ती उत्तराची वाट बघतेय. पाण्याला निरोप मिळालेलाच नाही, त्यामुळे ते निरोपाची वाट बघतंय. कोणाचंच बिघडलेलं नाही. म्हणून दिवे दोन्हीकडे हिरवेच. भट्टी तापतेय आणि दिवे हिरवे.

साहेबांना दाखवलं. ते पांढरे पडले. मॅनेजर साहेबांना आत्ता जाऊन सांगू म्हणाले, पण ते मुंबईला गेलेत, सोमवारी येणार. यंत्रं तोवर बंद ठेवू या, असं मी म्हटलं. साहेबांनी मुंबईला फोन लावला. पलीकडून काय बोलणं झालं माहीत नाही. फोन ठेवून म्हणाले, "सोमवारी बघू म्हणतात."

५ ऑक्टोबर

उजव्या हाताला पट्टी आहे, त्यामुळे अक्षर असं.

परवा तीन तारखेला दुपारी वीज पडली. परतीचा पाऊस, आकाश पळसदरीच्या बाजूने काळंभोर झालं होतं. कडाड झालं तेव्हा दिवेसुद्धा गेले नाहीत. मी मात्र उठले, शेडींमधली तार उघड्यावरून जाते, निरोप वाटेतच गेला असेल म्हणून. भट्टीच्या शेडमध्ये आता दिव्यांवर नजर ठेवायला नेमलेला सखा एकटाच असतो, फलकासमोर खुर्ची टाकून. तो म्हणाला, "काय नाय बाई, समदं हिरवं हाय." मी फलक पाहिलाच नाही. भट्टीवर जुना काट्याचा तापमापक आहे, तो पाहिला. काटा तांबड्या पट्ट्याला लागला होता आणि पाण्याच्या नळातून थेंब नव्हता.

मी ओरडले, "सखा, वाफ बंद कर आणि बाहेर पळ!" आणि मी पंपाकडे धावले. पावसात मधलं आवार ओलांडताना घसरले, गुडघा फुटला, ते घरी आल्यावर कळलं. झडप हलेना. मी जोर लावत होते. मग दादाचं आठवलं, डावीकडे, मग वर, वजन टाक. अंगाने लोंबकळलेच त्या चाकाला. पाणी सुटल्याचा आवाज झाला, आणि त्याच वेळी मागे भट्टीच्या डोक्यावरची पत्री फुटली. ती मुद्दाम पातळच ठेवलेली असते, भट्टी फुटू नये म्हणून. आतला जांभळा रस छप्पर फोडून वर गेला आणि पावसाबरोबर खाली आला. मी वळून बघतच राहिले. हातावर पडला तेव्हा आधी रंग दिसला आणि मग आग कळली.

सखा बाहेर पडला होता, त्याला काही झालं नाही. फाटकाबाहेर बसलेली माणसं उठून आत धावली होती, पहारेकऱ्याने अडवली नाहीत. शेडचं छप्पर, आवारातली माती, लोकांची डोकी, सदरे, सगळं जांभळं. मला दवाखान्यात दादानेच उचलून नेलं. टेंपोत तो एवढंच म्हणाला, "हात वर धर."

पाणी आणखी थोडं उशिरा सुटलं असतं तर काय झालं असतं, ते टिपणीस साहेबांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

७ ऑक्टोबर

मॅनेजर साहेबांनी बोलावलं. मला वाटलं माफी मागतील. त्यांनी चहा मागवला आणि विचारलं, "हे पुन्हा होऊ नये म्हणून काय करावं लागेल?"

मी सांगितलं. उत्तर आलं नाही तर यंत्राने पुन्हा विचारलं पाहिजे. तरी आलं नाही तर घंटा वाजली पाहिजे. आणि घंटा ऐकून चालत जाणारी माणसं पाहिजेत.

"किती?"

टिपणीस साहेब माझ्याकडे बघायला लागले. सगळे घ्या, असं म्हणायचं होतं. पण चित्र तसं सांगत नव्हतं, आणि मी खोटं सांगितलं असतं तर ते मुंबईच्या त्या गृहस्थाला एका बैठकीत कळलं असतं. मी म्हटलं, "प्रत्येक पाळीला दोन."

"म्हणजे तीन पाळ्यांना सहा. ठीक आहे, देतो. उद्या मला सहा नावं द्या."

"मी?"

"तुम्ही सगळ्यांना ओळखता. आणि एक नाव तर घरातलंच आहे, नाही का?" ते हसले. मला खूश करायला हसले! माझा हात भाजलेला, कारखाना जांभळा झालेला, आणि हा माणूस मला बक्षीस दिल्यासारखा हसत होता.

खरं ते लिहिते. 'गजानन भोईर' हे शब्द जिभेवर आले होते. मी म्हटलं, उद्या सांगते.

वहिनीला सांगितलं. दादा बाहेर गेला होता. ती भाकरी थापायची थांबली नाही. "घाला की त्यांचं नाव, वन्सं. इतक्यांची घातलीत, यवढं एक घाला."

८ ऑक्टोबर

नावं दिली नाहीत. फाटकाबाहेर गेले, सगळ्यांच्या मधे उभी राहिले आणि जे होतं ते सांगितलं. जागा सहा आहेत. नावं मी लिहिणार नाही. एकदा लिहिली, पुन्हा नाही. तुम्ही ठरवा.

आधी एकच कल्लोळ झाला. एक जण म्हणाला, हे आमच्यात भांडणं लावायचं काम आहे. खरंच होतं ते. मग दादा उठला.

"ज्याला शेत हाय त्यानं बाजूला व्हायचं," तो म्हणाला. "मला कळंबला भाताचा तुकडा हाय. मी नाय." आणि तो जाऊन रस्त्याच्या पलीकडे उभा राहिला.

बराच वेळ तो तिथे एकटाच होता. मग एक म्हातारा टाकीवाला गेला. मग दोघे भाऊ. रडत एक जण गेला, त्याचं शेत म्हणजे बांधापलीकडची अर्धी पट्टी. संध्याकाळपर्यंत भांडणं झाली, एकाने दुसऱ्याची कॉलर धरली, ते सगळं लिहीत नाही. सहा ठरले. नवशा त्यात आहे. बाकीचे घरी गेले. मला वाटलं होतं की न्याय झाला की हलकं वाटतं.

९ ऑक्टोबर

दादाला विचारलं, "माझ्यासाठी केलंस का?"

"तुज्यासाठी?" तो खरंच चकित झाला. "नाय गं. आत गेलो आसतो तर जल्मभर लोक बोलले आसते, बहिनीनं घातला."

म्हणजे माझ्यामुळे त्याची नोकरी दोनदा गेली.

तो कळंबला निघालाय, कापणी तोंडावर आहे. वहिनीही जाणार. भांडी बांधताना ती माझ्याशी बोलत नव्हती. जाताना मात्र वळून म्हणाली, "हाताला खोबरेल लावत जा." दार लागल्यावर मी त्या रिकाम्या खोलीत उभी राहिले आणि मोठ्याने रडले.

१७ नोव्हेंबर

मालकांचा दुसरा कारखाना पाताळगंगेकाठी आहे. तिथेही तशीच यंत्रं बसणार आणि तिथलं चित्र मी काढायचं, असा हुकूम आला. मी राजीनामा लिहिला होता. तीन दिवस पर्समध्ये घेऊन फिरत होते. विमलबाई म्हणाल्या, "तू गेलीस तर दुसरी कुणी येईल आणि शाईने लिहील." त्यांच्यासमोर मी ते पान कबूल केलं, त्यांच्याबद्दल लिहिलेलं. त्या म्हणाल्या, "मी तरी कुठे तोंड उघडलं गं? आपण दोघी सारख्याच."

तर आज गेले. टिपणीस साहेबांना आधीच सांगितलं होतं, मी काय बोलणार ते. ते म्हणाले, "मी ऐकलेलं नाही," आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

शेडमध्ये लोक जमवले. इथे पॅकिंगला बायकाही पुष्कळ आहेत. मी म्हटलं, "मी तुमच्या कामाचं चित्र काढायला आले आहे. हे चित्र यंत्रं नीट चालावीत म्हणून लागतं. ते नसलं तर काय होतं ते माझ्या हातावर आहे. पण याच चित्रावरून माणसं काढतात. खोपोलीला काढली. माझा भाऊ गेला. म्हणून मी नावं लिहिणार नाही आणि तुम्ही काही सांगितलंच पाहिजे असंही नाही. आधी आपसात बोला."

मी फळ्यावर खोपोलीचं चित्र नमुन्याला काढून ठेवलं होतं, त्याकडे बघत सगळे उभे होते. मग मागून एक बाई पुढे आली. हिरू नाव तिचं, हे नंतर कळलं. तिने पदराला हात पुसले आणि फळ्याजवळ येऊन एकेका गोलावरून बोट फिरवत गेली, शेवटपर्यंत.

"यात तुमचा गोल कंचा, बाई?"

मी खडू धरून सगळं चित्र पुन्हा पाहिलं. आठ महिने मी ही चित्रं काढतेय. टिपणीस साहेबांचा गोल नाही, मॅनेजरचा नाही, मुंबईच्या गृहस्थाचा नाही. माझाही नाही. हे मला आज, या बाईने विचारेपर्यंत, दिसलं नव्हतं.

"काढलेला नाही," मी म्हणाले.

"मंग आदी तो काढा," हिरू म्हणाली. "मंग आमी सांगतो."